बिनदाराच्या घरातली कडी

केसपेपरवर सहा लक्षणे होती आणि सहाही खोडलेली होती.

झोप नाही. जेवण नाही. एकट्याने बोलणे. बायकोला न ओळखणे. साखर कारखान्याचा भोंगा आपले नाव घेऊन हाक मारतो असे वाटणे. त्या भोंग्याला ओरडून उत्तर देणे. शेवटची रेघ डॉ. यशोधराने नवव्या दिवशी मारली होती. आज आजाराचा विसावा दिवस होता.

समोर शिंगणापूरचा आसाराम दाढी करून, केसांना तेल लावून बसला होता. कारखान्याचा ट्रॅक्टर ड्रायव्हर. धाकटा भाऊ अपघातात गेला, चार रात्री याचा डोळ्याला डोळा लागला नाही आणि पाचव्या दिवशी तो भोंग्याशी भांडू लागला. गाव म्हणाले, बाहेरचे आहे. बायको लंकाबाईने एक दिवस लिंबू-अंगारा करून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याला जीपमध्ये घालून नगरच्या दवाखान्यात आणले.

या आजाराची मोजपट्टी यशोधराला पाठ होती. एका दिवसाहून जास्त, एका महिन्याहून कमी, आणि मग माणूस होता तसा. गोळ्या, झोप आणि वेळ, एवढ्यावर ओसरतो. तसे तिने लिहून दिले की आसाराम पुन्हा ट्रॅक्टरवर चढणार होता. आजार जुना, मुरलेला निघाला तर नोकरी गेली. शहाण्णव सालचा गाळप हंगाम तोंडावर होता आणि दाखल्याला कारखान्याने आजचीच मुदत दिली होती.

तिने पेनाचे टोपण काढले. "अजून काही त्रास? लपवू नका."

आसाराम चुळबुळला. "तरास न्हाई बाई. पन... सांच्याला कडी लागती मला."

पेन थांबले. शिंगणापूरच्या घरांना दारेच नसतात, हे नगर जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

"कडी?"

"व्हय. हितं कुनाला सांगावं म्हनून गप हुतो."

"कोण लावतं?"

आसाराम हसला. "लावतं कोन? आपसूक लागती. दिवस कलला की."

"कधीपासून?"

"ल्हानपनापासनं."

यशोधराने आजाराच्या कालावधीपुढचे 'नऊ दिवस' खोडून 'तीस वर्षे' लिहिले. मोजपट्टीच मोडली होती.

"घरात आणखी कुणाला?"

"समद्यास्नी. आमचा आजा तर कडी लागली की घर डोक्यावर घ्यायचा."

'आनुवंशिक,' तिने लिहिले आणि लंकाबाईला व्हरांड्यात बोलावले.

"ताई, खरं सांगा. तुमच्या घरात कडी आहे?"

"आता कुठली? यांना हितं आनलं त्या दिशीच मी बंद केली."

यशोधराने तिच्याकडे नीट पाहिले. घराला दार नाही आणि ही बाई कडी बंद करून आली आहे. एकाचा भ्रम सोबत राहून दुसऱ्याला जडतो, असे पुस्तकात एक अख्खे प्रकरण होते. तिने शांतपणे कोरा केसपेपर काढला.

"वय?"

"माजं? माजं कशाला, बाई? मला काय धाड भरलीय?"

"असू द्या. तुम्हालाही लागते का कडी?"

"लागती की. पन यांच्यावानी रोज न्हाई."

'सौम्य,' यशोधराने लिहिले.

पण एका माणसाच्या पोटावर पाय द्यायचा तर पुरावा हवा. नुसत्या ऐकीव गोष्टीवर ती कधीच निष्कर्ष काढत नसे.

"ती कडी मला डोळ्यांनी बघायचीय. संध्याकाळपर्यंत आणाल?"

लंकाबाईचा चेहरा फुलला. "दवाखान्यात चालंल?"

"चालेल. एक आणा."

"एकीनं काय व्हतंय यांचं? तीन तरी लागत्यात."

यशोधराने 'सौम्य' खोडले.

लंकाबाई धावतपळत जीप गाठायला गेली. यशोधराने दाखल्याचा कागद उपडा घातला आणि दोन्ही केसपेपर शेजारी शेजारी ठेवले. नवराबायकोला एकाच वॉर्डात ठेवावे की वेगळे, याचा ती दुपारभर विचार करत होती.

पाचच्या सुमारास लंकाबाई परतली. हातात जड पिशवी होती. यशोधराने कान टवकारले. लोखंडाचा खणखणाट काही ऐकू आला नाही. पिशवी अजून बाहेरच्या पायरीवर होती, तोच आत आसाराम खाटेवर उठून बसला.

"आली कडी!" तो म्हणाला.

न बघता. यशोधराने तेही केसपेपरवर टिपले.

लंकाबाईने पिशवीतून किटली काढली आणि झाकण उघडले.

साडेपाच वाजता आसारामच्या केसपेपरवर शेवटची नोंद झाली: कढी, चार वाट्या. लक्षणे, शून्य. ट्रॅक्टर चालवण्यास योग्य.