आईचं सोवळं

"वास येतो का? खाज, आग? रंग हिरवट, लालसर?" तपासून झाल्यावर हात धूत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

प्रत्येक प्रश्नाला वृंदानं नकारार्थी मान हलवली.

"मग निर्धास्त राहा. पाळीच्या अधल्यामधल्या दिवसांत असं पातळ, पांढरं अंगावरून जातंच. शरीर स्वतःची सफाई करत असतं."

वृंदाला हुंदका आवरेना.

"अहो, तुम्हाला काहीही झालेलं नाही!"

"मला नाही," ती म्हणाली. "आईला होतं. तुम्ही विचारलंत ते सगळं."

आई गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली. शेवटच्या वर्षी ती सारखी आंघोळ करायची, धुतलेलं नेसून एकटीच कोपऱ्यातल्या पाटावर बसायची. आईचं सोवळं भलतंच वाढलंय, म्हणून घरात सगळे हसायचे. वृंदा सगळ्यांत जास्त.

वृंदाचा रांगता मुलगा मांडीकडे झेपावला, की आई अंग चोरून मागे सरकायची.

"शिवू नकोस रे राजा, मी सोवळ्यात आहे," म्हणायची, आणि साडीच्या निऱ्या पायांभोवती घट्ट आवळून घ्यायची.