चिमूटभर माती

बांधाचा तंटा उठला की त्याच बांधाची माती खाऊन शपथ घ्यायची, ही जमातीची रीत. खोटं बोललं तर जीभ सडते, हे सगळेच मानत. काका वाकले, चिमूट तोंडात टाकली, म्हणाले, "ओढ्यापर्यंतची जमीन माझीच. कंपनीला विकली, तर कुणाच्या बापाचं काय गेलं?" गेलं होतं समोर उभ्या पुतणीच्याच बापाचं. पंचांनी माना डोलावल्या. काकांनी ढेकर दिला. पुतणीची नजर त्यांच्या मिशीवर खिळली. तिथे काळी माती चिकटलेली. बांध तर तांबड्या मातीचा! तसली माती कंपनीच्या ऑफिसातल्या कुंड्यांत होती. ती तिथेच कामाला, कुंड्यांना पाणी तीच घालायची. वाकणं सोंग, माती खिशातली! जमीन लाटताना लाज नव्हती, जीभ तेवढी जपायची होती. तिने बांधावरची तांबडी चिमूट काकांच्या ओठांशी नेली. "आता ही खा, काका." काकांनी तोंड घट्ट मिटलं.