निरंक चालत नाही

घरात आठवडाभरात कोण काय खोटं बोललं, ते दर शनिवारी कचेरीच्या खिडकीवर जाऊन लिहून द्यायचं, असा कायदा होता. आता शिंपीणबाईंच्या घरात बोलायलाच माणसं दोन, त्यात खोटं कुठून आणणार? पण कारकून डाफरला, "निरंक चालत नाही हो बाई, निरंक म्हणजे लपवाछपवी!" तेव्हा घाबरून तोंडाला येईल ते त्या बोलून गेल्या, "मग लिहा, आमचे हे तापाचं सोंग करून घरी झोपलेत."

सोमवारी माणसं आली आणि नवऱ्याला कपाळावरच्या ओल्या पट्टीसकट घेऊन गेली.

पुढच्या शनिवारी बाईंनी खिडकीचे गजच धरले. "भाऊसाहेब, अंग नुसतं फणफणलं होतं हो त्यांचं! ताप खरा होता, मीच खोटं बोलले."

कारकुनाने मन लावून लिहून घेतलं, शिक्का मारला आणि कौतुकाने म्हणाला, "बघा, शोधलं की सापडतं! या आठवड्याचं झालं तुमचं."

 

अकरा वर्षं झाली, शिंपीणबाईंच्या घरचं खोटं म्हणून दर शनिवारी एकच ओळ लिहिली जाते: 'ताप खरा होता.'