हॉस्टेलमधला हात

मॅच बघायला कारखान्याच्या हॉस्टेलमधले जुने मित्र श्रीधररावांच्या घरी जमले होते. श्रीधररावांनी बटाट्याचे काप दोनदा तळले, वर चीज, कांदा, तिखट चटणी घातली आणि लोडेड फ्राइजचं ताट मधोमध ठेवलं. “क्या बात है! हॉस्टेलमधला हात अजून तसाच!” लोखंडे म्हणाला. “वहिनीची ऐश होती यार!” पाणी घेऊन आलेली मुलगी दारातच थांबली. “काका, बाबांना चहासुद्धा येत नव्हता. आई गेल्यावर शिकले.” “अगं, लग्नाआधी आमचा अख्खा मजला याच्याच हातचं जेवायचा!” मुलगी वडिलांकडे वळली. “आई आजारपणातही भिंतीला टेकून पोळ्या लाटायची, बाबा.” ‘स्वयंपाक येत नाही’ ही थाप त्यांना तीस वर्षं सोयीची पडली होती. “हॉस्टेलात काय, खिचडीच असायची,” लोखंडे सावरून घेऊ लागला. श्रीधररावांनी त्याला हातानेच थांबवलं. “नाही. मला सगळं येत होतं, बाळा.”