दिवसाढवळ्या गोष्ट

"दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, कळलं?" मी नातीला दटावलं. आमच्याकडं हा नियम माझ्या सासूपासूनचा. माझी चार पोरं गोष्टीसाठी रडून दमली, पण दिवेलागणीआधी मी कधी तोंड उघडलं नाही.

सरहद्दीवरच्या त्या खंदकात भर दुपारी आम्ही तिघीच होतो. जावयाची पलटण पुढं गेलेली. लेकीला आणि नातीला गावी न्यायला मी माझ्या लेकाला, हणमंताला घेऊन आले होते. ट्रक मिळतो का बघतो म्हणून तो सकाळी बाहेर पडला, आणि मागून तोफा सुरू झाल्या.

पुन्हा गोळा पडला. अंगावर माती आली. नातीचे दात कडाकडा वाजायला लागले, डोळे फिरले.

"आई, सांग की गं गोष्ट!" लेक ओरडली.

"तुझा भाऊ बाहेर आहे, अक्कल आहे का?"

"आणि माझी पोर इथं मरतीय!"

मी पोरीला मांडीवर ओढलं. "एक होता राक्षस. इतका लठ्ठ, की नुसता शिंकला तरी धोतर सुटायचं."

दात थांबले. थोड्या वेळानं पोर चक्क हसली. लेक तोंड फिरवून रडली.

ऊन कललं, तोफा थांबल्या. हणमंताचा पत्ता नव्हता.

"आजी, राक्षस मेला की मामा येईल ना गं?"

"मेलाय कुठं?" मी म्हटलं. "त्याला आणखी एक डोकं फुटलं."