शालनची गाठ

ताटलीतली गाठ हरभऱ्याएवढी होती. पंधरा वर्षांपूर्वीची सोनोग्राफी आणि काचपट्टीवरच्या वाळलेल्या पेशी यांवरून यंत्राने ती जशीच्या तशी वाढवली होती. सकाळपासून प्रयोगशाळेतल्या कुमुदताई अशा गाठींत आधी पेशी ओढणारी बारीक, मग तुकडा काढणारी जाड सुई घालून कुठली सुई काय चुकवते ते नोंदवत होत्या. या गाठीच्या काचपट्टीवरचं नाव मात्र त्यांच्याच अक्षरात होतं. शालन, त्यांची धाकटी बहीण.

तिला स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा काखेतली ही गाठ तपासायची होती. जाड सुई बघूनच शालन रडायला लागली. कुमुदताईंनीच डॉक्टरांना गळ घातली, “सर, बारीकनेच करा. तिला सोसवणार नाही.” गाठीत कॅन्सर नाही, असा रिपोर्ट आला. दोन वर्षांत शालन गेली.

आजही बारीक सुईत काही सापडलं नाही.

“ताई, जाड सुई मी घालतो,” शेजारी नोंदी बघत असलेले डॉक्टर तांबोळी म्हणाले. “तुम्ही बाहेर बसा.”

“नको सर.”

ताटलीतल्या गाठीला भूल लागत नाही. तरी कुमुदताईंनी भुलीचं औषध भरलं, गाठीभोवती हलकेच सोडलं आणि पाच मिनिटं थांबल्या. मग जाड सुई उचलली.

“थोडंसंच दुखेल हं, शालन.”