माफी नाही

“नाही, मी तुला माफ करणार नाही,” कंडक्टर शैलजा ढवळे म्हणाल्या. सोळा वर्षांच्या करिष्माने बसवर भिरकावलेल्या दगडाने त्यांचा एक डोळा गेला होता.

ही भेट प्राध्यापक वासंती कारखानीसांनी घडवून आणली होती. गुन्हा केलेली मुलं आणि त्यांनी दुखावलेली माणसं समोरासमोर बसवणं, हेच त्यांचं आयुष्यभराचं संशोधन. आजची भेट फसली, असं त्यांना वाटलं.

करिष्मा मात्र हुंदके देऊ लागली. “सुधारगृहात सगळे म्हणतात, झालं गेलं विसर. कसं विसरू?”

शैलजाताईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. “विसरू नकोस. मीही नाही विसरणार. पण दगड का मारलास, ते मला सांग.”

करिष्माने बिचकून वासंतीबाईंकडे पाहिलं. त्या उठल्या आणि दोघींना एकांत देऊन बाहेर गेल्या. आजचं संशोधन राहिलं तरी चालणार होतं.